आत्तीची पेन्शन

"इंदूवैनी, म्हातारीला घेऊन तहसीलला चला. तुमचा सासरा आलाय तिथं."

कोतवाल भिकू दारात उभा राहून हे बोलला तेव्हा मी भाकरीचं पीठ मळत होते. हात परातीतच राहिला. मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, "काय रे ए, सकाळच्या पारी घेऊन आलायस का काय? माझा सासरा मरून किती वर्षं झाली, त्याच्या तेराव्याला तूच पंगतीत बसला होतास ना? लाज नाही वाटत थट्टा करायला?"

"आईशप्पथ वैनी, थट्टा न्हाई. काल एक मानूस आला तिथं. रावजी भिवा सुतार, गाव आपलंच सांगतोय. म्हातारपणाची पेन्शन मागायला आलता. कॉम्प्युटरात बघितलं तर गडी मयत. मॅडमनी तलाठी भाऊसाहेबास्नी फोन केला, भाऊसाहेबांनी मला पिटाळलं. म्हातारीनं येऊन वळख पटवायची, एवढंच."

"असला कुठला रावजी? कुणीतरी सोंगाड्या असेल."

"मला काय म्हाईत? मी त्यो कालचा मानूस बघितलाच न्हाई. सरकारी निरोप हाय, सांगितला."

मागच्या दारात सासूबाई मेथी निवडत बसल्या होत्या. आमच्या भागात सासूला आत्ती म्हणतात. त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं आता भिकूला चार शिव्या हासडतील. त्यांनी अर्धी निवडलेली जुडी बाजूला ठेवली, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "इंदे, माझं धुतल्यालं लुगडं काढ. आन चार भाकरी बांधून घे, तितं येळ लागतो."

आणि चपला शोधायला उठल्या.

सासरे मी पाहिलेच नव्हते. माझं लग्न व्हायच्या आधीच ते हत्यारांची पिशवी खांद्याला लावून, निपाणीला तंबाखूच्या वखारीचं छप्पर घालायचं काम आहे असं सांगून गेले, ते गेलेच. कुणी म्हणायचं तिकडं बाई ठेवलीय, कुणी म्हणायचं अपघात झाला. आत्ती कपाळभर कुंकू लावून वाट बघत राहिल्या. मी नवी नवरी होऊन आले त्याच वर्षी कालव्याला एक प्रेत लागलं. पोलिसांनी आसपासच्या गावांत निरोप धाडले, ज्यांचं ज्यांचं माणूस हरवलंय त्यांनी येऊन बघून जावं. आत्ती आणि माझा नवरा दिनकर गेले. दिनकरनं मला स्वतः सांगितलंय, त्याला बघवलंच नाही. पाण्यात राहून राहून त्या माणसाचं काही उरलं नव्हतं. दिनकर नाकाला रुमाल लावून लिंबाकडे तोंड करून उभा राहिला. आत्ती जवळ गेल्या, खाली बसल्या, उठल्या आणि म्हणाल्या, "ह्येच." मग सगळं रीतीनं झालं. दिनकरनं डोकं भादरलं, आत्तींनी कुंकू पुसलं, आणि मी अंगावरची हळद उतरायच्या आत दहाव्या-तेराव्याचा स्वयंपाक केला.

त्यानंतर गावातल्या लोकांनीच धावपळ करून आत्तींची निराधार योजनेतली पेन्शन बसवून दिली. विधवा म्हणून. सरकारच्या दृष्टीनं ती चिल्लर असेल, आमच्या घरात नव्हती. आत्तींना दमा होता. तोंडात ओढायचा पंप ह्या पैशातून यायचा, आणि तो नसला की त्या बसून बसून रात्र काढायच्या. दिनकरचं सुतारकाम म्हणजे आज आहे तर उद्या नाही. पेन्शन जमा झाली की आत्ती एकट्या बँकेत जायच्या, अंगठा उठवायच्या, येताना औषधाच्या दुकानातून पंप घ्यायच्या आणि माझ्या लेकीला खारी आणायच्या. पोराच्या हाताकडे त्यांनी कधी बघितलं नाही. तो तोरा मला आवडायचा, खोटं कशाला बोलू.

त्यामुळे वडापच्या जीपमध्ये बसल्यापासून मी एकच हिशोब करत होते. सासरा जिवंत निघाला तर आत्ती विधवा कशा? म्हणजे पेन्शन गेली. वर मागचं सगळं भरा म्हणतील. खोटं मरण दाखवलं म्हणून केस करतील, मायलेकांना कोर्टात उभं करतील. दिनकर तेव्हा ठेकेदाराबरोबर गोव्याला फर्निचरच्या कामाला गेलेला, फोन लागत नव्हता. मी मनाशी ठरवूनच टाकलं, हा कोणतरी ठग आहे.

"आत्ती, काही घाबरू नका," मी म्हटलं. "कुणाच्या तरी कागदावर डल्ला मारून आलाय तो. मी बघते त्याच्याकडं. असा फाडते की पळत सुटेल."

आत्ती खिडकीतून बाहेर बघत होत्या. "पिशवी सांबाळ, भाकरी चेंगरतील," म्हणाल्या.

तहसीलच्या व्हरांड्यात ही गर्दी. हयातीचे दाखले द्यायला आलेली म्हातारी माणसं भिंतीला टेकून बसली होती. निराधारच्या खोलीत शेटे मॅडम, नायब तहसीलदार, वयानं माझ्याएवढ्याच. समोरच्या बाकावर एक म्हातारा. मळका पायजमा, दाढीचे खुंट, एका डोळ्यात फूल पडलेलं. मी तोंड उघडलंच होतं त्याला झाडायला, तेवढ्यात त्यानं मान वर केली आणि माझी दातखीळच बसली.

आगं बाई! दिनकरच बसला होता तिथं म्हातारा होऊन. तेच बाहेर आलेले कान, तीच हनुवटी. काही सुचेना झालं की दिनकर अंगठ्यानं भुवई चोळतो, हा माणूस अगदी तशीच भुवई चोळत होता. सासरा जर हा, तर आम्ही जाळला तो कोण?

मॅडमनी आत्तींना खुर्ची दिली. "आजी, ह्यांचं म्हणणं आहे की हे तुमचे यजमान. तुमच्या यजमानांचं नाव सांगा."

मीच पुढं होऊन म्हटलं, "त्या नवऱ्याचं नाव घेत नाहीत, मॅडम. जुनं माणूस. रावजी भिवा सुतार."

"सुंदरे," तो म्हातारा बाकावरून घसरत पुढं आला. "सुंदरे, मी हाय गं. सांग की ह्यास्नी. कुनी ऐकंनात माझं. जित्ता मानूस हितं बसलाय आन मेलाय म्हनत्यात."

आत्तींनी त्याच्याकडे बघितलं नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

"ती बाई मेली," तो म्हणाला. विचारलं कुणी नव्हतं. "तिच्या पोरांनी हाकललं मला. हत्यारं बी ठिवून घेतली. वखारीपाशी देवळात निजतोय. डोळा गेला, रंधा मारता येत न्हाई. मी चुकलो गं. तुज्या घरात येत न्हाई, दिनकरला तोंड दावत न्हाई. निस्तं एवढं म्हन, ह्यो रावजीच हाय. तुजं काय जातंय?"

काय जातंय! मला असा संताप आला. बाईचं कुंकू, बाईची पेन्शन, पोराचं डोकं भादरलेलं, आणि हा विचारतोय काय जातंय. पण त्याचे हात दिनकरचे हात होते, त्यामुळे मला शिवी देता येईना.

शेटे मॅडम भल्या होत्या. त्यांनी शिपायाला दार लोटायला सांगितलं आणि आवाज खाली आणला. "आजी, घाबरू नका. पाण्यातलं प्रेत होतं, ओळखण्यात चूक होऊ शकते. तुम्ही फक्त खरं काय ते सांगा. हे तुमचे यजमान असतील तर विधवा म्हणून मिळणारी पेन्शन मला बंद करावी लागेल. पण नवऱ्यानं टाकलेल्या बायकांनाही ह्याच योजनेतून मिळते. तुमचा तसा अर्ज मी आत्ताच्या आत्ता घेते, पुढच्या बैठकीत मंजूर करून घेते. झाली ती चूक अजाणता झाली, मागची वसुली करू नये, असा शेरा मी स्वतः लिहीन. ह्यांचं वय झालंय, ह्यांना म्हातारपणाची, श्रावणबाळ योजनेतली मिळेल. दोघांचंही भागेल."

मला तर त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. "आत्ती, ऐकलंत ना? काही जात नाही आपलं. पंप बंद व्हायचा नाही. सांगा त्यांना."

"आन न्हाई म्हनलं तर?" आत्तींनी पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"नाही म्हणालात तर दोन माणसं दोन गोष्टी सांगताहेत असं होईल. मग चौकशी. चौकशी होईस्तोवर तुमची पेन्शन थांबेल. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. आणि ह्यांच्याकडे दुसरा पुरावा नाही, त्यामुळे ह्यांना काहीच मिळणार नाही."

आत्ती उठल्या. गुडघ्यावर हात देत त्या म्हाताऱ्यापाशी गेल्या, वाकल्या आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्याच्या चांगल्या डोळ्यातून पाणी यायला लागलं. मला वाटलं, झालं, आता ह्याही रडतील आणि हे सगळं मिटेल.

त्या मॅडमकडे वळल्या. "न्हाई, मॅडम. ह्या दादास्नी मी वळखत न्हाई."

दादा!

कारकुनाचा हात लिहिता लिहिता थांबला. आमच्याकडे बाई नवऱ्याला 'अवो' म्हणेल, रागावली तर मेला म्हणेल, मुडदा म्हणेल. दादा म्हणायचं ते परक्या माणसाला, भाऊ मानून. ज्याला एकदा दादा म्हटलं त्याच्याशी बाईचं दुसरं नातं राहत नाही. तो म्हातारा मागं सरकला आणि बाकावर मटकन बसला. त्याला कळलं होतं. मॅडमना कळलं की नाही, देव जाणे.

"आत्ती!" मी ओरडलेच. "नीट बघा की! दिनकरचं तोंड आहे हो ते!"

"तू गप बस, इंदे." आवाज चढवला नाही, पण मी गप्प बसले. "मॅडम, माझ्या मालकास्नी मी माझ्या डोळ्यांनी वळखलं, माझ्या म्होरं त्येंला आग दिली. मी दुसरं काय बी सांगनार न्हाई. कुटं अंगठा उठवायचा?"

मॅडमनी पुन्हा एकदा समजावलं. आत्तींनी ऐकून घेतलं, मान हलवली नाही. कारकुनानं जबाब लिहिला, वाचून दाखवला, आत्तींनी अंगठा उठवला. ती पेन्शन त्या दिवशी थांबली. परत सुरू झाली ती आत्तींना पासष्ट पुरी झाल्यावर, म्हातारपणाची म्हणून. मधली वर्षं आम्ही पंपासाठी कुणाकुणापुढं तोंड वेंगाडलं ते आमचं आम्हाला माहीत.

बाहेर आलो. तो आमच्या मागून भिंत धरत धरत आला आणि आवारातल्या कट्ट्यावर बसला. आत्तींनी माझ्या हातातली पिशवी घेतली, भाकरी बांधलेलं फडकं काढलं आणि त्याच्याशेजारी ठेवलं. "खाऊन घ्या, दादा," म्हणाल्या आणि चालू लागल्या.

तो मला म्हणाला, "सूनबाई, दिनकर बरा हाय न्हवं?"

माझं ठरलं होतं की बोलायचं नाही. पण सुनेनं सासऱ्याला म्हणावं तसं मामा तोंडातून निघून गेलं, "बरं आहे त्यांचं, मामा. मुलगी आहे आम्हाला." त्यानं मान हलवली आणि फडक्याची गाठ सोडायला घेतली. गाठ सुटेना. मी वाकून सोडून दिली आणि पळाले. दिनकर गोव्याहून आल्यावर मी त्याला ही सगळी हकीकत सांगितली. तो निपाणीपर्यंत जाऊन आला, वखारीजवळची देवळं पालथी घातली. माणूस मिळाला नाही.

स्टँडवर आत्ती सिमेंटच्या बाकड्यावर बसल्या होत्या, छातीचा भाता चाललेला. मी पंप काढून दिला. त्यांनी ओढला. त्यांचा श्वास खाली बसेस्तोवर मी थांबले, आणि मग माझा तोल सुटला.

"आत्ती, तुम्ही त्यांना ओळखलंत."

"व्हय."

असं म्हणाल्या, जसं काही मी विचारलं होतं चहा घेतला का.

"व्हय काय? अहो, व्हय काय? ती बाई दोघांना द्यायला तयार होती! तुमचं थांबत नव्हतं, त्यांना मिळत होतं. राग आला असेल, मला कळतं, मला पण आला. पण रागापायी स्वतःचा श्वास बंद करून घ्यायचा? हा पंप संपला की काय करणार आहात? आणि तो माणूस उपाशी मरेल देवळात! एवढं कसलं वैर?"

"वैर न्हाई गं. राग बी कवाच गेला. मघा वाकून बघितलं, म्हनलं येतोय का राग. न्हाई आला."

"मग टाकलेली बाई म्हणून लिहून घ्यायची लाज वाटली होय?"

"टाकलेलीच की मी. गावाला ठावं हुतं, मला ठावं हुतं. त्येची कसली लाज?"

माझं डोकं चालेना. मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. "आत्ती, मग कालव्यातला कोण होता?"

"मला काय म्हाईत."

"म्हणजे तुमची ओळखण्यात चूक झाली."

"चूक कशानं? तवाच ठावं हुतं, ह्यो आपला न्हवं. आपल्या मानसाच्या परास बुटकं हुतं. बोटात तांब्याचं वळं हुतं, कुनीतरी नवसाचं घातल्यालं."

माझ्या नवऱ्यानं परक्या माणसाला आग दिली होती. मी परक्याच्या तेराव्याचं जेवण रांधलं होतं. आणि ही बाई त्या परक्याच्या नावानं कुंकू पुसून, पांढऱ्या कपाळानं माझ्यासमोर इतकी वर्षं वावरत होती. मला भीती वाटली त्यांची, खरंच सांगते.

"का केलंत असं?" मी विचारलं. "पेन्शनीसाठी?"

"पेन्शनीचं नाव तवा कुनी घेतलं हुतं? ती मागनं आली." त्यांनी श्वास घेतला. "आमच्या आदी बरीच गावं येऊन गेली हुती. समदी नाकाला फडकं लावून बघत्यात, न्हाई म्हनत्यात आन जात्यात. पोलीस म्हनला, बाई, तुमी बी न्हाई म्हनलासा की आता गाडीत घालून नेतो, बेवारस म्हनून पुरतो. मी न्हाईच म्हननार हुते. पन वळं बघितलं. म्हनलं, ह्यो बी कुनाच्या तरी दारातनं निघाल्याला. तिकडं कोन वाट बघत बसलं आसंल, माज्यावानी. मी वाट बघून दमले हुते, इंदे. मला कुनाला तरी निरोप द्यायचा हुता, आन त्येंला कुनी तरी न्यायला पायजे हुतं. म्हनलं, चला."

त्या 'ह्यो'चं 'त्येंला' कधी झालं ते मला तेव्हा कळलं नाही.

"तवापास्नं तेच माझं मालक," आत्ती म्हणाल्या. "पितरपाटात जे पान वाढते न्हवं, ते त्येंचं. नाव ठावं न्हाई म्हनून आपल्या घरचं नाव दिलं."

"अहो पण आत्ती, ते मेलेले. हा जिवंत आहे. जिवंत माणसाला नाही म्हणून सांगितलंत तुम्ही."

गावाकडची गाडी फलाटाला लागली. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायला लागले. आत्तींनी माझ्या खांद्यावर हात देऊन उठायचा प्रयत्न केला, पण उठल्या नाहीत.

"मी आज 'ह्योच माजा नवरा' म्हनले आसते, तर मॅडमनी कालव्यातल्या त्येंच्या नावाम्होरं काय लिव्हलं आसतं?"

मला उत्तर माहीत होतं. पोलीस तेव्हा म्हणाला होता तोच शब्द, बेवारस.

"ह्येला तोंड हाय," आत्ती म्हणाल्या. "मागंल, खाईल. त्येंला माज्याबिगर कोन हाय?"